हंस नेमके कुठल्या जातीचे ते कसं ओळखायचं? आणि दुर्मिळ जात शुद्ध ठेवून पिल्लं काढायची असतील तर?

आगरवाडी_चिपळूण

नमस्कार मंडळी, चिपळूणजवळ आमचं नारळ-सुपारीचं आगर आहे, कडेला लहानसं शेततळं आहे आणि तिथे सध्या पाच हंस आहेत. पिल्लं असतानाच आणलेले, देणाऱ्याने सांगितलं की दोन टुलूज, दोन एम्डेन आणि एक आफ्रिकन, भाव पण त्याप्रमाणे वेगवेगळा लावला. आता वर्षाचे होऊन गेलेत, पूर्ण वाढलेत, आणि नेटवर टुलूजचे फोटो बघते तेव्हा काहीच जुळत नाही.

दोन "टुलूज" तपकिरी आहेत, डोक्यापासून खांद्यापर्यंत मानेच्या मागे गडद तपकिरी पट्टा, पुढून मान साय-रंगाची, चोच काळी आणि चोचीच्या मुळाशी काळं टेंगूळ. चालतात एकदम ताठ मानेने. दोन "एम्डेन" शुभ्र पांढरे, चोच नारिंगी आणि त्यांनाही टेंगूळ आहे, नारिंगी. पाचवा जो आफ्रिकन म्हणून दिला तो राखाडी-तपकिरी, सगळ्यात जाड, पोट जमिनीला टेकेल असं, टेंगूळ अगदी बारीक, चोच नारिंगी पण मधे काळे डाग, मानेवरचा पट्टा पुसट.

मला नुसतं राखण करायला हंस नकोत, एखादी चांगली, कमी राहिलेली जात नीट वाढवायची इच्छा आहे, जागा आहे पाणी आहे आणि घरात सगळ्यांना आवड आहे. तर १) हे नक्की काय आहेत, २) नर-मादी कसे ओळखायचे, ३) एकाने फोनवर कुरळ्या पिसांच्या सेबास्टोपोलची जोडी दाखवलीय, किंमत भरपूर सांगतोय, घ्यावी का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

कृष्णाकाठ_सांगली

ताई, तुम्ही वर्णन इतकं छान केलंय की फोटोची गरजच नाही. चार हंस चायनीज आहेत, दोन तपकिरी दोन पांढरे. पाचवा मिश्र आहे, त्याच्याकडे मग येतो.

पाळीव हंसांची घराणी मुळात दोन. युरोपातल्या रानटी ग्रेलॅगपासून आलेले टुलूज, एम्डेन, पिलग्रिम, सेबास्टोपोल, रोमन वगैरे, आणि पूर्व आशियातल्या स्वान गूजपासून आलेले चायनीज आणि आफ्रिकन. आफ्रिकन नाव असलं तरी तो चायनीजचाच जवळचा. चोचीच्या मुळाशी टेंगूळ दिसलं की तो दुसऱ्या घराण्यातला, मग टुलूज आणि एम्डेन दोन्ही आपोआप बाद होतात कारण त्यांना टेंगूळ नसतंच. दुसरी खूण मानेची पिसं. युरोपियन हंसाच्या मानेवर उभ्या खोल चुण्या दिसतात, नांगरलेल्या रानासारख्या, आणि चायनीजची मान गुळगुळीत मखमली. ही खूण रंगापेक्षा कितीतरी भरवशाची, कारण पांढरा आणि राखाडी रंग दोन्ही घराण्यांत असतो आणि विकणारे रंगावरूनच नाव ठेवतात, पांढरा दिसला की एम्डेन, राखाडी दिसला की टुलूज.

आता चायनीज की आफ्रिकन? चायनीज सडपातळ, ताठ, नर साधारण साडेपाच किलो आणि मादी साडेचारच्या आसपास. आफ्रिकन नर नऊ-दहा किलोला जातो, अंग आडवं, आणि गळ्याखाली सैल कातडीची पोळी लोंबते. पोळी यायला कधी कधी दोन-तीन वर्षं लागतात म्हणून लहान वयात तीच बघून निकाल देऊ नये, पण वजन आणि अंगाची ठेवण लपत नाही. वजनकाट्यावर ठेवून बघा एकदा.

पाचव्याचं सांगतो. बारीक टेंगूळ, पुसट पट्टा, डागाळलेली चोच, जाड पोट, म्हणजे आईबापांपैकी एक टेंगूळवाला आणि एक युरोपियन. या दोन रानटी जाती वेगळ्या असूनही त्यांची मिश्र पिल्लं वांझ नसतात, पुढे अंडी-पिल्लं व्यवस्थित होतात, आणि म्हणूनच आपल्याकडे एवढी सरमिसळ झालीय. त्याच्या मानेवर हात फिरवून बघा, चुण्या अर्ध्यामुर्ध्या लागतील.

नर-मादी, चायनीजमधे मोठं झाल्यावर बऱ्यापैकी सोपं आहे. नराचं टेंगूळ मोठं आणि पुढे आलेलं, मान लांब, आवाज चिरका आणि उंच. मादीचा आवाज खालच्या पट्टीतला, जाडसर, आणि अंड्यावर आली की मागचं पोट खाली उतरतं. तरी खात्री पाहिजे तर शेपटीखाली तपासूनच, ते एकदा जाणत्याकडून शिकून घ्या, जोर लावला तर इजा होते.

आगरवाडी_चिपळूण

काका खूप खूप आभार! आत्ताच जाऊन बघून आले. मानेच्या चुण्यांचं अगदी बरोबर, पाचव्याला आहेत थोड्या, बाकी चौघांना अजिबात नाहीत. एका तपकिरीचं टेंगूळ मोठं आहे आणि तोच चिरका ओरडतो, दुसरीचं लहान. दोन्ही पांढऱ्यांचा आवाज जाड, पोट पण उतरलेलं, म्हणजे दोघी माद्या दिसतात. आणि तो मिश्र नर आहे, आणि तळ्यात सगळ्यांवर दादागिरी त्याचीच चालते, तपकिरी नराला माद्यांजवळ येऊच देत नाही. म्हणजे याच हंगामात अंडी आली तर सगळी त्याचीच का?

मिझुरीकर

हो ताई, जवळजवळ सगळी त्याचीच धरा, त्याला आधी वेगळं करा. वेगळं केल्यावरही मादीच्या शरीरात आधीचं वीर्य काही दिवस टिकतं म्हणून आम्ही तीन आठवडे जाऊ देतो आणि त्यानंतरचीच अंडी शुद्ध म्हणून धरतो.

मी मूळचा बारामतीचा, आता अमेरिकेत मिझुरीत असतो, इथे पिलग्रिम पाळतो. तुम्ही दुर्मिळ जात म्हणालात म्हणून लिहितोय. पिलग्रिमची गंमत अशी की नर जवळजवळ पूर्ण पांढरा आणि निळ्या डोळ्यांचा, मादी राखाडी आणि चेहऱ्यावर पांढरं. अंड्यातून आल्या दिवशीच कळतं, नर पिल्लू फिकं पिवळट, चोच फिकी, मादी गडद, हिरवट-राखाडी. रंग फिका करणारा जीन लिंगाच्या क्रोमोसोमवर बसलेला आहे, पक्ष्यांमधे नराकडे त्या क्रोमोसोमच्या दोन प्रती आणि मादीकडे एकच, म्हणून नरात डबल डोस पडतो आणि तो पांढरा होतो. ऑस्कर ग्रो नावाच्या हंसतज्ज्ञाने ही जात इथे मध्य-पश्चिम अमेरिकेत बसवली आणि 1939 मधे अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला मान्यता दिली.

याचा फायदा ओळखीला कसा होतो बघा. कोणी पिलग्रिम म्हणून राखाडी नर दाखवला तर तिथेच विषय संपतो. वयात आलेली मादी तोंडापर्यंत पूर्ण राखाडी असेल तरी संशय घ्यायचा. आणि एकाच वीणीत सगळी पिल्लं एकाच रंगाची निघाली, नर काय मादी काय, तर मागे कुठेतरी बाहेरचं रक्त आलंय. अमेरिकेच्या दक्षिणेकडची कॉटन पॅच नावाची जात पण अशीच रंगावरून नर-मादी कळणारी, पूर्वी कापसाच्या रानात तण खायला सोडायचे, कापूस ठेवायचे आणि गवत फस्त करायचे. तणनाशकं आली आणि ती जात संपत आली, शेवटी काही जुन्या शेतकऱ्यांच्या घरी राहिलेल्या थव्यांवरून लोकांनी ती परत उभी केली. लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी म्हणून इथली संस्था आहे, 1977 पासून अशा जातींवर काम करते, पिलग्रिम आणि कॉटन पॅच दोन्ही त्यांच्या यादीत आहेत.

मला मनापासून जे सांगायचंय ते हे की जात टिकते ती वहीवर. कुठल्या अंड्याचे आईबाप कोण हे लिहिलेलं नसेल तर कितीही देखणा पक्षी असू दे, त्याच्यापासून पुढे जात म्हणून काही सांगता येत नाही. आम्ही अंड्यावर पेन्सिलने मादीचा नंबर आणि तारीख लिहितो (पेन नको, शाई कवचातून आत जाते), पिल्लू निघालं की पायात रिंग किंवा पायाच्या पडद्याला खूण, आणि वहीत नोंद. तीन कुटुंबं ठेवायची, प्रत्येकात एक नर आणि दोन-तीन माद्या, मुली आईच्या कुटुंबातच राहतात आणि मुलगे दर पिढीला शेजारच्या कुटुंबात जातात, पहिल्याचा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, तिसऱ्याचा पहिल्यात. एवढ्याने बहीण-भावांचा संकर बराच काळ टळतो. निवड करताना आधी पाय, चाल, अंड्यांची फलनक्षमता, आईपण, स्वभाव, आणि मग रंग. इथे प्रदर्शनापायी नुसत्या रंगावर आणि आकारावर निवड केलेले थवे बघितलेत, दिसायला अप्रतिम आणि अंडी निम्मी रिकामी.

इथून अंडी पाठवता येतील का असं बरेच जण मला विचारतात. नाही येत. जिवंत पक्षी किंवा उबवणीची अंडी भारतात आणायला सरकारचा सॅनिटरी इम्पोर्ट परमिट लागतो आणि तो असा घरगुती मिळत नाही. त्यामुळे तिकडे कोणी "इम्पोर्टेड लाइन" म्हणाला की कागद मागा.

डॉ_मनीषा_पशुवैद्यक

छान चर्चा चाललीय, मी उबवणी आणि पिल्लांबद्दल भर घालते कारण कोकणात नेमकं तिथेच नुकसान होतं.

हंसाचं अंडं साधारण दीडशे ग्रॅमचं. चायनीजला 28 ते 30 दिवस लागतात, जड जातींना एक-दोन दिवस जास्त. मशीन फॅनवालं असेल तर 37.5 अंश. आर्द्रतेबद्दल पुस्तकात 55 टक्के लिहिलेलं असतं आणि लोक मशीनमधे पाणी भरत बसतात, पण चिपळूणच्या हवेत पावसाळ्यात मुळातच भरपूर दमटपणा असतो, मग अंड्यातलं पाणी हवं तेवढं उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू चोच मारायच्या आधी आतच गुदमरतं. यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे अंडी तोलणं. सुरुवातीला 150 ग्रॅमचं अंडं शेवटच्या टप्प्यात येईपर्यंत साधारण 130 वर यायला पाहिजे, म्हणजे 13 टक्क्यांच्या आसपास घट. घट कमी होत असेल तर मशीनमधलं पाणी काढून टाका, जास्त होत असेल तर वाढवा. शेवटचे दोन-तीन दिवस मात्र आर्द्रता 70 च्या वर पाहिजे, नाहीतर आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो. अंडी आडवी ठेवायची, दिवसातून तीनदा तरी अर्धा फेर फिरवायची, आठवड्यानंतर रोज दहा-पंधरा मिनिटं बाहेर गार होऊ द्यायची आणि कोमट पाण्याचा हलका फवारा, हंसीण स्वतः उठून पाण्यात जाऊन येते तेच आपण करतोय. आठव्या-दहाव्या दिवशी टॉर्चवर बघून रिकामी काढून टाका.

मशीन नसेल तर खुडूक गावठी कोंबडीखाली चार-पाच अंडी चालतात पण तिला ती वळवता येत नाहीत, जड असतात, ते काम तुम्ही करायचं.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश ऊब, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. खाद्यात दोन गोष्टी फार महत्त्वाच्या. एक, नायसिन, म्हणजे एक बी जीवनसत्त्व. नुसत्या ब्रॉयलर स्टार्टरवर वाढवलेली हंसाची पिल्लं पायात अधू होतात, घोटे सुजतात, त्यांना नायसिन कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं, ब्रूअर्स यीस्ट मिसळा. दुसरं, बुरशी. हंस आणि बदकाची पिल्लं अफ्लाटॉक्सिनला, म्हणजे बुरशीच्या विषाला, कोंबडीपेक्षा कितीतरी नाजूक. शेंगदाणा पेंड आणि पावसाळ्यात दमट झालेला मक्याचा भरडा पिल्लांना अजिबात देऊ नका, वास आला नाही तरी विष असू शकतं. एका रात्रीत पिल्लं गेली, रोग काय कळला नाही, अशा केसमधे मी पहिल्यांदा खाद्याचं पोतं बघायला मागते.

तीन आठवड्यांनंतर प्रोटीन कमी करून 15-16 टक्क्यांवर आणा आणि हराळी, लसूण घास, शेवग्याचा पाला भरपूर द्या. जास्त प्रोटीनवर वेगाने वाढलेल्या पिल्लांचे पंख बाहेर वळतात, सुरुवातीलाच दिसलं तर पंख दुमडून काही दिवस पट्टीने बांधून ठेवला की बसतो, नंतर कायमचं. डक प्लेगची लस हंसांना पण लागू आहे, तालुक्याच्या दवाखान्यात आधी सांगून मागवून घ्या.

भीमाकाठ

एक विनंती सगळ्यांना. आमच्याकडे उजनीला आणि तिकडे जायकवाडीला थंडीत पट्टकदंब येतात, डोक्यावर मागे दोन काळे पट्टे असलेले राखाडी हंस. कधीमधी कोणीतरी "वेगळ्या जातीचा हंस" म्हणून पकडलेला किंवा जखमी पट्टकदंब विकायला काढतो. तो रानटी पक्षी आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे, विकत घेणंही गुन्हा. ते वीण तिबेट, लडाख, मंगोलियाकडे करतात, त्यामुळे "आमच्याकडे पिल्लं काढलेत" म्हटलं तरी विश्वास ठेवू नका. जखमी मिळाला तर सरळ वन विभागाला फोन.

वुलर_ते_वर्धा

दुर्मिळ जातीचा विषय निघालाय आणि आपल्याच देशातल्या जातीचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. काश्मीर अंज. भारतात नोंदणी झालेली हंसाची ही पहिली जात, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंद आहे. कामानिमित्त बांदिपोऱ्याला होतो तेव्हा वुलर सरोवराच्या काठावरच्या गावांत रोज बघायचो, सकाळी घराघरातून थवे निघतात, पाण्यावर आणि ओलसर कुरणात दिवसभर चरतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी बरोबर परततात, खाद्य जवळजवळ काही घालावं लागत नाही. पांढरे, दालचिनी रंगाचे आणि राखाडी-पांढरे मिश्र असे सगळे एकाच गावात. पाळणं मुख्यतः बायकांच्या हातात, अंडी घरचीच उबवतात.

ते इथे आणा असं मी अजिबात म्हणत नाही, त्या थंडीत आणि त्या पाण्यावर घडलेला पक्षी आहे, मे महिन्यात विदर्भात त्याचे हाल होतील. पण कुरळ्या पिसांच्या जोडीला जेवढी किंमत लोक मोजतात त्यातला थोडा रस जरी आपल्या भागातल्या जुन्या गावठी थव्यांची नोंद करण्यात दाखवला तर फार बरं होईल. कोणाकडे दोन-तीन पिढ्या चालत आलेले, बाहेरून नवीन न आणलेले हंस असतील तर त्यांचे फोटो, वजन, अंड्यांची संख्या लिहून ठेवा.

आगरवाडी_चिपळूण

डॉक्टर मॅडम, अंडी तोलायचं आजवर कोणी सांगितलंच नव्हतं, शेजारच्या वाडीत मागच्या पावसात मशीनमधली सगळी पिल्लं अंड्यातच मेली, आता कारण कळलं, त्यांना आजच सांगते. मिश्र नराला आज गोठ्यामागच्या कुंपणात हलवलाय, दिवसभर ओरडतोय. सेबास्टोपोलचं कोणी सांगेल का? आणि पांढऱ्या माद्यांना तपकिरी नर चालेल का?

कृष्णाकाठ_सांगली

पांढऱ्या माद्या तपकिरी नराला लावल्या तर पिल्लं तपकिरी येतील, फार तर एखादं पांढरं पीस, कारण चायनीजमधला पांढरा रंग दबणारा आहे. त्या पिल्लांना आपसात लावलं तर साधारण चारात एक पांढरं परत येतं. जात चायनीजच राहते पण रंगाची लाइन बिघडते, म्हणून पांढऱ्या दोघींना पांढराच नर आणा, आणि तुमचे चौघं एकाच घरातले असण्याची शक्यता आहे तेव्हा तो नर दुसऱ्या जिल्ह्यातून, आईबाप डोळ्याने बघूनच आणा. तपकिरी जोडीसाठीही पुढे एखादी बाहेरची मादी बघा. चांगल्या ठेवणीचा, सडपातळ, ताठ चायनीज आपल्याकडे दिसेनासा होत चाललाय, सगळीकडे जाड मिश्र पक्षी आहेत. तेव्हा दुर्मिळ काहीतरी जपायचं तुमच्या मनात आहे ना, तर ते तुमच्या तळ्यावर आत्ताच आहे असं मी म्हणेन. चायनीज अंडी पण चांगली देतो, वर्षाला चाळीस-पन्नासपर्यंत, टुलूज तीसच्या आसपास थांबतो.

सेबास्टोपोल मूळचा डॅन्यूब आणि काळ्या समुद्राकडचा, 1860 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवला गेला. पिसांचा दांडा मऊ आणि चिरलेला असल्यामुळे ती कुरळी होऊन लोंबतात, म्हणून उडता येत नाही आणि पाणीही नीट झटकलं जात नाही. चिपळूणचा पाऊस बघता चार महिने कोरडा निवारा आणि रोज स्वच्छ पाणी नसेल तर पिसांत चिखल बसून पक्षी आजारी पडतो. तरी घ्यायचाच असेल तर फोनवरच्या व्हिडिओवर पैसे देऊ नका, प्रत्यक्ष जा, टेंगूळ आहे का बघा (असेल तर मिश्र), पंख उघडून मोठी पिसं वळलेली आहेत का बघा, कारण पिसं गाळत असलेला किंवा भिजून विस्कटलेला साधा पांढरा हंसही फोटोत कुरळा दिसतो. आणि त्या जोडीचीच आधीची पिल्लं दाखवायला सांगा.

नवीन नर आणायचा तो थंडी सुरू व्हायच्या आधीच आणा. हंसांची जोडी जमायला महिना-दीड महिना लागतो, काहींना जास्त, आणि अंड्यावर आलेल्या मादीसमोर नवा नर सोडला तर ती त्याला जवळ येऊ देत नाही. पहिले काही दिवस मधे जाळी लावून शेजारी ठेवा, पाण्याचं भांडं जाळीला लागून, मग एकत्र सोडा. तळ्याचा एक कोपरा गुडघाभर पाण्याचा ठेवा, जोड पाण्यातच चांगला लागतो. मिश्र नराला दिसेल अशा ठिकाणी मात्र ठेवू नका, तो आवाज देत राहिला तर जुन्या माद्या कुंपणालाच चिकटून बसतात. आणि पहिल्या वर्षाची अंडी लहान असतात, त्यातली बरीच फुटत नाहीत, त्यावरून नराला नावं ठेवू नका, खरं काय ते दुसऱ्या हंगामात कळतं.